हरणं थंडीत तग कशी धरतात? बोरिवलीच्या जंगलात हमखास विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीत शनिवारी सकाळी मी लहान मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला घेऊन जाते. तेव्हा मुंबईत पारा पंधरा-सोळावर आलेला असतो. सगळ्यांच्या डोक्यावर कानटोप्या असतात आणि थर्मासमधला चहा पहिल्या अर्ध्या तासात संपतो. गवतात बसलेली चितळं दिसली की एखादं मूल विचारतंच, "ताई, यांना थंडी नाही वाजत?" पुढच्या महिन्यात त्यातलीच काही कुटुंबं काश्मीर नाहीतर मनालीला जाऊन येतात आणि आणखी प्रश्न घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा आलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मुंबईच्या थंडीत आपल्या चितळांना काही त्रास होतो का?

नाही. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चं. तेवढी थंडी चितळ सहज सोसतं. सकाळी ऊन वर येईपर्यंत कळप बसून राहतो, मग उन्हाच्या कवडशात येऊन चरायला लागतो, एवढाच काय तो फरक. उलट पावसाळा नुकता सरलेला असतो, तुळशी आणि विहार तलाव भरलेले असतात, गवतावर दव असतं. आपल्या जंगलातल्या हरणांसाठी हा सुखाचा काळ.

त्यांची खरी परीक्षा मार्चपासून सुरू होते. साग निष्पर्ण होतो, गवत वाळून कडक होतं, ओढे आटतात, वणव्याची भीती असते. थंड प्रदेशातलं हरीण फेब्रुवारीत जे भोगतं, ते आपलं चितळ एप्रिल-मे महिन्यात भोगतं. दोन्हीकडे मूळ अडचण एकच: पोटाला पुरेसं मिळत नाही आणि जे मिळतं त्यात सत्त्व नसतं. ही गोष्ट आधी सांगते, कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. थंडीने हरीण क्वचित मरतं. थंडीत ते मरतं ते भुकेने.

हरीण म्हणजे नेमकं कोण? काळवीट, नीलगाय यात येतात का?

बोलताना आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो, पण घराणी दोन आहेत. चितळ, सांबर, भेकर, बारशिंगा, काश्मीरचा हंगूल, मणिपूरचा संगाई, उत्तर ध्रुवाकडचा रेनडिअर आणि मूस हे एका घराण्यातले. त्यांची शिंगं भरीव हाडाची असतात, गळून पडतात आणि नव्याने उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय, तिबेटचा चिरू हे गाई-शेळ्यांच्या घराण्यातले. त्यांची शिंगं जन्मभर टिकतात. कस्तुरीमृग आणि आपल्या सह्याद्रीतली पिसोरी यांची तर स्वतंत्र छोटी घराणी आहेत. खाली मी यातल्या बऱ्याच जणांबद्दल लिहिलं आहे, कारण थंडीशी झुंजायच्या युक्त्या सगळ्यांच्या मिळत्याजुळत्या आहेत.

अस्वलासारखी हरणं झोपून का नाही काढत हिवाळा?

हरणं शीतनिद्रेत जात नाहीत. पण ती काय करतात हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते.

ऑस्ट्रियातल्या शास्त्रज्ञांनी रेड डिअर या मोठ्या हरणांच्या अंगावर आणि शरीरात नोंदयंत्रं बसवून वर्षभर मोजमाप केलं. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. भर हिवाळ्यात या हरणांच्या हृदयाचे ठोके उन्हाळ्यातल्या ठोक्यांच्या निम्म्याहूनही खाली आलेले होते. हिवाळ्याच्या अखेरच्या थंड रात्री काही तासांपुरतं छातीच्या कातडीखालचं तापमान पंधरा अंशांपर्यंत उतरायचं. काळीज आणि मेंदू उबदार ठेवायचे आणि बाहेरच्या भागाची ऊब तात्पुरती काढून घ्यायची, अशी ती व्यवस्था. मोठ्या वाड्यात माणसं कमी झाली की एका खोलीतच दिवा लावतात, तसंच हे. लांबून बघणाऱ्याला हरीण नुसतं बसलेलं दिसतं.

उत्तर अमेरिकेतलं पांढऱ्या शेपटीचं हरीणही असंच वागतं. हिवाळ्यात ते फिरणं कमी करतं आणि खाणंही कमी करतं. पिंजऱ्यात ठेवून समोर भरपूर चारा टाकला तरी थंडीत ते आपणहून कमी खातं. दिवस लहान झाला की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि भूकच मंदावते. बाहेर मिळणारच नाही त्याच्यामागे धावून शक्ती घालवायची नाही, हे त्याच्या शरीरात मुरलेलं आहे. उन्हाळ्यात-शरदात खाऊन साठवलेल्या चरबीवर ते दिवस काढतं. वसंत येईपर्यंत त्याचं वजन पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त घटलेलं असतं, आणि तरीही ते धडधाकट असू शकतं.

त्यांच्या अंगावर स्वेटर असतो का? (पाच वर्षांच्या मुलीचा प्रश्न)

असतो, आणि दोन पदरी असतो. शरदात उन्हाळी तांबूस केस झडतात आणि दाट, करडे-तपकिरी हिवाळी केस येतात. वरचे केस लांब, राठ आणि आतून पोकळ असतात. त्या पोकळीत हवा अडकते. खाली मऊ लव असते. फार थंडी असली की कातडीतले बारीक स्नायू आखडतात, केस ताठ होतात आणि हवेचा थर आणखी जाड होतो. आपल्या अंगावर काटा येतो ती याचीच उरलेली आठवण, फक्त आपल्या अंगावर उभं राहायला केस उरलेले नाहीत. बर्फात बसलेल्या हरणाच्या पाठीवर हिमाचा थर तसाच न वितळता राहिलेला दिसतो. ऊब बाहेर गळतच नाही, म्हणून तो वितळत नाही.

तिबेटच्या पठारावरच्या चिरूला हा स्वेटर महागात पडला. त्याची आतली लव जगातल्या सर्वात तलम लोकरींपैकी एक. तिची शाल म्हणजे शाहतूश. ही लव जिवंत चिरूची कातरून घेता येत नाही, त्यासाठी त्याला मारावंच लागतं, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो चिरू असे मारले गेले. शाहतूशच्या व्यापारावर आता बंदी आहे. काश्मीरच्या सहलीत कोणी हळूच "अंगठीतून जाणारी शाल" दाखवली, तर कृपा करून घेऊ नका.

पाय तर उघडेच असतात. ते गारठत नाहीत?

गार पडतात, आणि पडू दिले जातात. पायात ऊन रक्त नेणाऱ्या आणि थंड रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना लगटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे खूर थंड राहतात, पण पोटातली ऊब बर्फात वाहून जात नाही. रेनडिअरच्या पायाच्या टोकाकडची चरबीही वेगळ्या घडणीची असते, ती थंडीत गोठून कडक होत नाही. आपलं खोबरेल जानेवारीत बाटलीत थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल पातळच राहतं, तसा हा फरक.

रेनडिअरच्या नाकातही हीच हातचलाखी आहे. नाकपुडीच्या आत वळ्या-वळ्यांचा पडदा असतो. आत येणारी बर्फाळ हवा त्यावरून जाताना तापते आणि बाहेर जाणारा श्वास निवतो. त्यातलं बाष्प तिथेच टिपलं जातं. ऊबही वाचते, पाणीही वाचतं.

बर्फाखाली ती खातात तरी काय?

जे मिळेल ते. डहाळ्या, कळ्या, साल, वाळकी पानं, सूचीपर्णी झाडांची पाती. मूस तर मुख्यतः विलोसारख्या झाडांच्या काटक्यांवर हिवाळा काढतो. एवढं निकृष्ट अन्न पचतं ते कोठीपोटातल्या जिवाणूंमुळे. गाई-म्हशींप्रमाणे हरणांनाही चार कप्प्यांचं पोट असतं. ऋतू बदलला की या जिवाणूंची वस्तीही बदलते, काटक्या पचवणारे वाढतात. शिवाय आंबवण्याच्या त्या क्रियेतून उष्णता निघते, म्हणजे पोटातच एक छोटी शेगडी.

रेनडिअरचं हिवाळी अन्न आपल्या स्वयंपाकघराच्या ओळखीचं आहे. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल म्हणजे एक प्रकारचं शैवाक, बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. रेनडिअर खातो ते त्याचंच भावंड, जमिनीवर वाढणारं, पांढुरकं, फांद्याफांद्यांचं. बर्फाखालचं हे शैवाक त्याला वासावरून कळतं आणि पुढच्या खुरांनी खड्डा उकरून तो ते काढतो. प्रथिनं नावापुरती, पण पिष्ट भरपूर.

शैवाक वाढतं मात्र अतिशय सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ साली २९ रेनडिअर नेऊन सोडले होते. शत्रू कोणी नाही, शैवाकाचे गालिचे पसरलेले. १९६३ पर्यंत ते ६,००० झाले. तोवर गालिचे खाऊन संपले होते. १९६३-६४ चा हिवाळा कडक पडला आणि १९६६ मध्ये मोजणी झाली तेव्हा ४२ उरले होते. मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा ती नेहमी आकडे पुन्हा विचारतात.

तहान लागली तर बर्फ खातात का?

हो. पण पोटात बर्फ वितळवायलाही ऊब खर्च होते, त्यामुळे वाहतं पाणी मिळालं तर ते पसंत करतात.

पिसोरी हिमालयात का नाही?

पिसोरी जेमतेम तीन किलोची. वाटीतली आमटी लवकर निवते, पातेल्यातली तास-दीड तास कोमट राहते. लहान अंगाची ऊबही तशीच भराभर निघून जाते. म्हणून थंड मुलुखात मोठ्या अंगाला फायदा. मूसचा नर पाचशे किलोच्या वर जातो. त्याचे लांब पाय खोल बर्फातून चालायला सोयीचे. त्याला थंडीपेक्षा उकाड्याचाच त्रास अधिक: हिवाळ्यात पारा उणे पाचच्या वर गेला तरी त्याला गरम व्हायला लागतं, असं मोजमापांत दिसलं आहे.

कस्तुरीमृग मात्र लहान असूनही हिमालयात उंचावर राहतो. दाट ठिसूळ केस, बर्फात न रुतणारे पसरट खूर, आणि झाडांवरचं शैवाक खाण्याची सवय. त्यासाठी तो तिरक्या खोडांवर चढतोसुद्धा.

काश्मीरमध्ये हंगूल पाहिला. तो बर्फात कसा राहतो?

जमेल तितकं बर्फाला टाळून. हंगूल हा त्या रेड डिअरचा नातलग. उन्हाळ्यात तो श्रीनगरजवळच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानाच्या वरच्या कुरणांवर असतो आणि बर्फ पडायला लागला की खालच्या दरीत उतरतो. म्हणूनच हिवाळ्यात तो पर्यटकांना दिसू शकतो. आपले धनगर पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तशीच ही वाट. फक्त हंगुलासाठी वरची कुरणं दिवसेंदिवस अपुरी पडत आहेत, कारण उन्हाळ्यात तिथे पाळीव मेंढरंही चरतात. उन्हाळ्यात अंग भरलं नाही तर हिवाळ्यात खायला चरबी कुठली? एकेकाळी हजारोंनी असलेला हंगूल आज काही शेकड्यांत आहे.

लडाख-स्पितीतला भरल, म्हणजे तिथली डोंगरी रानमेंढी, उलटं करतो. तो वाऱ्याने बर्फ उडून गेलेल्या उघड्या उतारांवर राहतो. तिथे वारा झोंबतो, पण गवत सापडतं. अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं तिसरा मार्ग काढतात: दाट सूचीपर्णी झाडांखाली शेकड्यांनी जमतात. वरचं छत बर्फ अडवतं, वारा अडवतं, आणि सगळ्यांच्या येण्याजाण्याने बर्फात पक्क्या पायवाटा पडतात. त्या वाटा सोडून छातीएवढ्या बर्फातून चालणं म्हणजे साठवलेली चरबी जाळणं.

मणिपूरच्या संगाईला तर बर्फाचा प्रश्नच नाही ना?

बर्फाचा नाही, पण हिवाळ्याचा आहे. लोकटाक सरोवरावर तरंगणाऱ्या वनस्पतींच्या जाड थरांना फुमदी म्हणतात; कैबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातला संगाई त्यांच्यावर राहतो. पूर्वी कोरड्या हिवाळ्यात पाणी उतरायचं, फुमदी तळाला टेकायच्या, मुळं गाळातून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात त्या पुन्हा जाड होऊन तरंगायच्या. १९८३ मध्ये इथाईचा बंधारा झाला आणि पाणी वर्षभर उंच राहू लागलं. फुमदी टेकेनाशा झाल्या, पातळ होत गेल्या. हरणाचं वजन पेलण्याइतकी जमीनच त्याच्या पायाखालून कमी होते आहे. हिवाळा नाहीसा झाला तरी हरणाचं कसं नुकसान होतं, ते इथे दिसतं.

सांताक्लॉजच्या गाडीची हरणं नर की माद्या?

वसईच्या एका शाळेतल्या मुलाने हे विचारलं होतं. रेनडिअरमध्ये मादीलाही शिंगं असतात, हरणांत ही एकमेव जात. मोठे नर माजाचा काळ संपला की नाताळच्या सुमाराला शिंगं गाळून मोकळे होतात. गाभण मादीची शिंगं मात्र वसंतात पिल्लू होईपर्यंत टिकतात. का, तर उकरलेल्या खड्ड्यातलं शैवाक दुसऱ्याने हिसकावू नये. हिवाळ्यात शिंगांचा धाक तिच्याकडे असतो. तेव्हा चित्रातल्या त्या शिंगाळ्या हरणांत बहुतेक माद्याच असणार.

हिवाळ्यात सर्वात जास्त कोण मरतं?

पिल्लं, आणि त्यानंतर मोठे देखणे नर. पिल्लांचं सगळं खाणं उंची-वजन वाढवण्यात गेलेलं असतं, चरबी साठायला वेळच मिळालेला नसतो. नरांचं वेगळं. शरदात माजाच्या दिवसांत ते झुंजतात, ओरडतात, माद्यांमागे धावतात आणि खाणं जवळजवळ सोडतात. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर त्यांची शिदोरी संपलेली असते. मृत्यू बहुधा हिवाळ्याच्या शेवटी होतात, कोवळं गवत यायला दोन-तीन आठवडे उरलेले असताना. मेलेल्या हरणाच्या मांडीचं हाड फोडून वनजीव अभ्यासक आतला मगज पाहतात. धष्टपुष्ट जनावराचा तो पांढरा आणि घट्ट असतो. उपासमारीने मेलेल्याचा लालसर आणि पातळ. शरीर अगदी शेवटी हाडातली चरबीही वापरतं.

माद्यांच्या पोटात याच काळात पिल्लू वाढत असतं. युरोपातल्या रो हरणाने यावर फार सुंदर तोड काढली आहे. त्यांचं मीलन जुलै-ऑगस्टमध्ये होतं, पण गर्भ चार-पाच महिने वाढतच नाही, जवळजवळ थांबून राहतो. डिसेंबर-जानेवारीत तो रुजतो आणि पिल्लू मे-जूनमध्ये, हिरवळीच्या वेळी जन्मतं.

लांडग्यांना हिवाळा फायद्याचा असतो का?

बर्फ कसा आहे त्यावर ते ठरतं. भुसभुशीत असेल तर दोघेही रुततात. वर कडक पापुद्रा धरला असेल तर लांडग्याचे पसरट पंजे वर राहतात आणि हरणाचे टोकदार खूर आत घुसतात. अशा आठवड्यात लांडग्यांची चंगळ असते.

पृथ्वी तापते आहे म्हणतात. मग हरणांना बरंच झालं ना?

बोरिवलीला एका निवृत्त गृहस्थांनी हे अगदी मनापासून विचारलं होतं. वाटतं तसं, पण होतं उलट. ध्रुवाकडे भर हिवाळ्यात आता पाऊस पडतो. तो बर्फावर पडून गोठतो आणि शैवाकावर काचेसारखं झाकण बसतं. खुराने ते फुटत नाही. सायबेरियाच्या यामाल भागात नोव्हेंबर २०१३ मध्ये असं झालं आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. नेनेत्स लोकांच्या पाळीव कळपांतले ते. अमेरिकेच्या ईशान्येला हिवाळा आखूड झाल्याने गोचिडी माजल्या आहेत. एकेका मूसच्या अंगावर हजारोंनी असतात आणि त्यांची वासरं रक्त कमी होऊन मरतात. थंडीशी जुळवून घेतलेल्या जिवाला थंडी हवीच असते.

आपलं चितळ बर्फाळ देशात नेऊन सोडलं तर?

हे करून झालं आहे. टेक्ससमध्ये १९३२ च्या सुमाराला चितळं नेली आणि ती तिथे खूप वाढली, कारण एरवी तिथे ऊबच असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे बर्फाची लाट आली आणि चितळं मोठ्या संख्येने मेली. त्याच रानातली स्थानिक पांढऱ्या शेपटीची हरणं बरीचशी तगली. चितळाला हिवाळी लव नाही, शरदात चरबी साठवायची सवय नाही. त्याच्या पूर्वजांना कधी गरजच पडली नव्हती.

मग उपाशी हरणांना आपण खायला घालू नये का?

नका घालू. हे मी हात जोडून सांगते, कारण विचारणारा प्रेमानेच विचारत असतो. काटक्या पचवायला सरावलेल्या पोटात एकदम मका, पाव, बिस्किटं गेली की कोठीपोटात आम्ल वाढतं, जिवाणू मरतात आणि जनावर भरल्या पोटाने दगावतं. गाई-म्हशी पाळणाऱ्यांना हे माहीत असतं. चारा बदलायचा तर दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू बदलतात. बर्फाळ देशांत दयाळू लोकांनी टाकलेल्या धान्याने हरणं मेल्याची उदाहरणं अनेक आहेत. आपल्याकडेही बिस्किटांचा पुडा दिसला की चितळ माणसाजवळ येतं, मग रस्त्यावर येतं, प्लास्टिक खातं.

आणि बर्फात हरीण दिसलं तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. वर लिहिलं ते आठवा: ते अर्धवट विझवलेल्या शेगडीसारखं बसलेलं असतं. तुम्ही दहा पावलं पुढे गेलात की त्याला एका क्षणात सगळं पेटवून पळावं लागतं. ती चरबी त्याने मार्चसाठी ठेवलेली असते.

जंगलात गळलेलं शिंग सापडलं. घरी नेऊ का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते सरकारी मालमत्ता आहे, आणि राष्ट्रीय उद्यानातून तर पानसुद्धा न्यायचं नसतं. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. शिंग म्हणजे हाड, आणि जंगलात कॅल्शियम मिळणं सोपं नसतं. साळिंदर रात्री येऊन ते कुरतडतं, उंदीर कुरतडतात, कधी हरणं स्वतःही चघळतात. शिंग होतं तिथेच ठेवा आणि महिन्याभराने त्याच वाटेने या. त्यावर दातांच्या समांतर रेघा दिसतील. एका दहा वर्षांच्या मुलाने अशा रेघा बोटाने मोजल्या होत्या, चाळीसपर्यंत गेला आणि मग हाक आली म्हणून अर्धवट सोडून पळाला.